केडीव्हीची २७ सोल्युशन्स मिळाली, आता पुढे काय शिकू?

एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पीएचडीचं पहिलं वर्ष, टॅन-एच मेथड आणि जी-प्राइम-बाय-जी मेथड (दोन्हींत उत्तराचा साचा आधीच धरून चालतात) मेपल या गणिताच्या सॉफ्टवेअरवर चालवून केडीव्ही, म्हणजे लांब लाटांच्या कोर्टवेग-डी व्रीस समीकरणाची २७ एक्झॅक्ट सोल्युशन्स काढली. सेमिनारमध्ये कुणीतरी विचारलं की हे समीकरण इंटिग्रेबल आहे म्हणजे नक्की काय, आणि तुमच्या मेथडमध्ये ते कुठे वापरलंय? उत्तर देता आलं नाही. हिरोता, इन्व्हर्स स्कॅटरिंग, बॅकलुंड, डार्बू अशी पद्धतींची बरीच नावं ऐकलीत, यातलं आधी काय शिकावं?

थेट उत्तर आधी देतो. हिरोता आधी, हाताने, कागदावर, दोन सॉलिटॉनपर्यंत (सॉलिटॉन म्हणजे टक्कर होऊनही आकार न बदलणारी एकटी लाट). मग इन्व्हर्स स्कॅटरिंग, निदान एक उदाहरण आकड्यांपर्यंत नेऊन. डार्बू या दोघांच्या मधे आपसूक येतो. आणि सेमिनारमधल्या प्रश्नाचं खरं उत्तर हे की तुमच्या मेथडमध्ये इंटिग्रेबिलिटी (ढोबळ अर्थ, सुरुवातीची लाट कुठलीही असो, समीकरण पूर्ण सोडवता येणं) कुठेच वापरलेली नाहीये. वाईट वाटून घेऊ नका, प्रश्न विचारणाऱ्याने तुमचं भलंच केलंय.

का ते बघा. समीकरण मी असं लिहितो:

यू_टी + ६ यू यू_एक्स + यू_एक्सएक्सएक्स = ०

यात तुम्ही यू हे फक्त (एक्स − सी टी) चं फंक्शन आहे असं धरलंत की पार्शल समीकरण जाऊन साधं ऑर्डिनरी समीकरण उरतं, ते एकदा इंटिग्रेट होतं, यू-प्राइमने गुणून परत एकदा होतं, आणि शेवटी यू-प्राइमचा वर्ग बरोबर यू चा क्यूबिक पॉलिनॉमियल एवढंच राहतं. ते तर पूर्णच सुटतं. वायरस्ट्रासचं पी-फंक्शन घ्या, उणे दोन पी अधिक सी भागिले ६, झालं, केडीव्हीच्या सगळ्या ट्रॅव्हलिंग वेव्ह्ज त्यात आल्या (एक कॉन्स्टंट सोल्युशन सोडून). क्यूबिकची दोन मुळं एक झाली की सेक-एच-स्क्वेअर, म्हणजे एकच उंचवटा मिळतो, मुळं वेगळी राहिली की नॉयडल वेव्ह, म्हणजे ओळीने येणाऱ्या लाटा, आणि जिथे पोल येतो (किंमत अनंत होते) तिथे कॉट-एच वगैरे सिंग्युलर प्रकार. म्हणजे तुमची २७ च्या २७ याच एका कुटुंबातली आहेत, आणि कोर्टवेग आणि डी व्रीस यांच्या १८९५ च्या पेपरमध्ये सेक-एच-स्क्वेअर आणि नॉयडल दोन्ही आहेत. शिवाय २७ मधली कितीतरी एकमेकांचीच रूपं असतील. टॅन-एच एक्स अधिक कॉट-एच एक्स म्हणजे २ कॉट-एच २एक्स, हे सॉफ्टवेअर तुम्हाला सांगत नाही, ते दोन वेगळ्या ओळी छापून मोकळं होतं. कॉट-एच स्वतः टॅन-एचच आहे, एक्स मध्ये आय पाय बाय २ एवढी काल्पनिक सरक दिलेला.

आता दुसरी गोष्ट, ही जास्त महत्त्वाची. बेंजामिन-बोना-माहोनी नावाचं १९७२ चं समीकरण आहे, लांब लाटांसाठीच, केडीव्हीच्या अगदी शेजारचं. त्याला टॅन-एच मेथड लावा, तिथेही छान सेक-एच-स्क्वेअर मिळतो. पण ते समीकरण इंटिग्रेबल नाहीये, त्याच्या दोन लाटा एकमेकींवर आदळल्या की मागे छोटी थरथर सोडून जातात. केडीव्हीच्या लाटा काहीही सोडत नाहीत. जी मेथड या दोन समीकरणांतला फरक ओळखूच शकत नाही ती इंटिग्रेबिलिटी वापरते असं कसं म्हणणार?

फरक कळतो तो टकरीत. इतिहासातही तसंच झालंय. जॉन स्कॉट रसेलने ऑगस्ट १८३४ मध्ये एडिनबरोजवळच्या युनियन कनालमध्ये घोड्यांनी ओढलेली बोट अचानक थांबल्यावर पुढे सुटलेली एकच लाट बघितली, साधारण ३० फूट लांब, फूट-दीड फूट उंच, ताशी ८-९ मैल, आणि घोड्यावरून मैल-दोन मैल तिच्या मागे गेला. १८९५ ला तिचं समीकरण आलं. आणि मग जवळजवळ ७० वर्षं फारसं काही नाही, कारण एक लाट सुटली म्हणजे विषय संपला असं वाटत होतं. १९६५ मध्ये झाबुस्की आणि क्रुस्कल यांनी केडीव्ही कॉम्प्युटरवर चालवलं, साध्या कोसाइन लाटेतून आठेक टोकदार लाटा निघाल्या, एकमेकींतून आरपार गेल्या आणि पुन्हा जशाच्या तशा बाहेर आल्या. सॉलिटॉन हा शब्द त्या पेपरमधला. या विषयातलं जे काही नवीन आहे ते सगळं त्या आरपार जाण्यात आहे.

म्हणून हिरोता आधी. १९७१ चं काम. त्याची युक्ती अशी: यू = २ (लॉग एफ)_एक्सएक्स लिहा. एका सॉलिटॉनसाठी एफ किती साधा निघतो बघा, १ अधिक एक एक्स्पोनेन्शियल, बस. यू मध्ये जो सेक-एच-स्क्वेअर दिसतो तो एफ मध्ये नुसता एक एक्स्पोनेन्शियल असतो. केडीव्ही मग एफ मध्ये असं होतं:

एफ एफ_एक्सटी − एफ_एक्स एफ_टी + एफ एफ_एक्सएक्सएक्सएक्स − ४ एफ_एक्स एफ_एक्सएक्सएक्स + ३ (एफ_एक्सएक्स)² = ०

प्रत्येक टर्ममध्ये एफ बरोबर दोनदा, याला बायलिनिअर म्हणतात. १, −४, ३ हे आकडे कुठून आले तर १, −४, ६, −४, १ या बायनॉमियलच्या ओळीची घडी घातली म्हणून. हिरोताचा डी-ऑपरेटर म्हणजे हीच ओळ थोडक्यात लिहायची सोय, त्याला घाबरू नका.

आता दोन एक्स्पोनेन्शियल घ्या, ई१ आणि ई२, प्रत्येकाचा घातांक २ के एक्स − ८ के³ टी अधिक कॉन्स्टंट. पहिल्या ऑर्डरला ई१ + ई२ चालतात कारण तिथे समीकरण लिनिअर आहे. दुसऱ्या ऑर्डरला ई१ गुणिले ई२ अशी एक टर्म लागते, तिचा कोएफिशियंट हाताने काढा, येतो ((के१ − के२)/(के१ + के२))². आणि तिसऱ्या ऑर्डरला उजवीकडे शून्य! मालिका तिथेच तुटते. मला आठवतंय मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा तिसऱ्या ऑर्डरच्या टर्म्स एकेक करून कटत गेल्या आणि मी पेन खाली ठेवून बराच वेळ नुसता त्या पानाकडे बघत बसलो होतो. मेपलमध्ये सिम्प्लिफाय दाबून शून्य आलं तर हे मिळत नाही, म्हणून हाताने करा म्हणतोय.

मग आकडे घाला. के = २ आणि के = १. सॉलिटॉनची उंची २ के², वेग ४ के². म्हणजे एक ८ उंच आणि वेग १६, दुसरा २ उंच आणि वेग ४. उंच लाट मागून येऊन बुटकीला गाठते. तुम्हाला काय वाटतं, एकत्र आल्यावर उंची किती होईल? बहुतेक जण १० म्हणतात. येते ६. वजाबाकी. लिनिअर लाटा असत्या तर बेरीज झाली असती, इथे मधल्या क्षणी उंच लाट चक्क खाली बसते आणि एकच ढीग दिसतो, बरोबर ६ सेक-एच-स्क्वेअर एक्स. (उंचीचं गुणोत्तर ३ पेक्षा जास्त असेल तरच असा एकच ढीग होतो. साधारण २.६१८ च्या खाली असेल तर दोन टोकं कायम राहतात, मागची लाट पुढचीला जवळ न जाताच आपली उंची देऊन टाकते असं दिसतं.)

टकरीनंतर दोघी जशाच्या तशा, फक्त जागा सरकलेली. वेगवान लाट लॉग ३ भागिले २ म्हणजे ०.५४९ पुढे, हळू लाट लॉग ३ म्हणजे १.०९९ मागे. आता एक पडताळा, हा फारसा कुणी सांगत नाही पण फार उपयोगी आहे. प्रत्येक लाटेखालचं क्षेत्रफळ ४ के असतं, म्हणजे ८ आणि ४. क्षेत्रफळ गुणिले सरक करा: ८ × ०.५४९ = ४.३९ पुढे, ४ × १.०९९ = ४.३९ मागे. बेरीज शून्य. कारण यू चा सेंटर ऑफ मास सरळ एकाच वेगाने चालत राहतो, त्याला टक्कर झाली हे कळतच नाही. तुमच्या फेज शिफ्टमध्ये, म्हणजे या सरकेत, चूक असेल तर इथे लगेच पकडली जाते.

एक सावधगिरी, आणि इथे बरेच पेपर घसरतात. या एकाच एफ च्या बायलिनिअर साच्यात समीकरण बसलं की दोन सॉलिटॉनचं सोल्युशन फुकट मिळतं, समीकरण इंटिग्रेबल असो वा नसो. खरी परीक्षा तीन सॉलिटॉनची, तिथे एक जादाची अट पुरी व्हावी लागते. हिएतारिंताने १९८७ च्या सुमारास हीच अट चाळणीसारखी वापरून इंटिग्रेबल समीकरणं शोधली. तेव्हा कुणी दोन सॉलिटॉन दाखवून इंटिग्रेबल म्हणत असेल तर तिसरा मागा.

पण हिरोता एक गोष्ट देत नाही. तुम्ही मला सुरुवातीची लाट द्या, वाट्टेल ती, मी पुढे काय होईल ते सांगतो, हे हिरोताने जमत नाही. त्यासाठी इन्व्हर्स स्कॅटरिंग, १९६७, गार्डनर, ग्रीन, क्रुस्कल आणि मिउरा. ही कल्पना आली कशी ते माहीत असलं की मेथड पाठ करावी लागत नाही. मिउराला दिसलं की यू = −(व्ही² + व्ही_एक्स) हे सब्स्टिट्यूशन एका शेजारच्या समीकरणाची सोल्युशन्स केडीव्हीत आणतं. व्ही² + व्ही_एक्स बघितलं की रिकाटी समीकरण आठवायला पाहिजे, व्ही = साय_एक्स भागिले साय घाला, उरतं साय_एक्सएक्स + यू साय = ०. आणि केडीव्हीत यू ला कॉन्स्टंट मिळवता येतो, चौकट फक्त तेवढ्या वेगाने हलवायची, म्हणजे शून्याच्या जागी लॅम्डा साय आला. हे तर श्रोडिंगर समीकरण! यू म्हणजे विहीर, आणि गंमत अशी की यू केडीव्हीप्रमाणे कितीही हलला-बदलला तरी विहिरीतल्या बाउंड स्टेट्सच्या (आत अडकलेल्या अवस्थांच्या) एनर्जी तसूभरही हलत नाहीत. प्रत्येक बाउंड स्टेट म्हणजे एक सॉलिटॉन, एनर्जी −के² असेल तर उंची २ के². लाक्सने पुढच्याच वर्षी, १९६८ ला, एल आणि बी अशी ऑपरेटरची जोडी लिहून दाखवलं की हे का होतं, आणि त्यातून ही गोष्ट केडीव्हीपुरती नाहीये हे कळलं.

हे उदाहरण नक्की करा. सुरुवातीला यू = ४ सेक-एच-स्क्वेअर एक्स. सेक-एच-स्क्वेअरच्या विहिरीसाठी उंची एन (एन + १) अशी लिहायची, म्हणून एन (एन + १) = ४ सोडवा, एन = १.५६ येतो, पूर्णांक नाही. बाउंड स्टेट्स दोन, के = १.५६ आणि ०.५६. म्हणजे सॉलिटॉन दोन, उंची ४.८८ आणि ०.६३. बघा हं, ४ उंचीच्या ढिगातून ४.८८ उंचीची लाट निघाली. आता क्षेत्रफळ मोजा, सुरुवातीला ८ होतं, दोन सॉलिटॉनचं मिळून होतं ८.४९. जास्त कसं? उरलेलं −०.४९ रेडिएशनमध्ये गेलं, डावीकडे पसरत जाणाऱ्या बारीक लाटांमध्ये, आणि त्यांचं एकूण क्षेत्रफळ ऋण आहे. हे कुठल्याही टॅन-एचच्या पॉलिनॉमियलमधून कधीच दिसणार नाही, हिरोताच्या एन-सॉलिटॉन फॉर्म्युल्यातूनही नाही. इथे ४ च्या जागी ६ घ्या, एन = २, पूर्णांक, रिफ्लेक्शन शून्य (विहिरीवर आलेली लाट परत फिरतच नाही), रेडिएशन शून्य, आणि वर टकरीत जो ६ चा ढीग मिळाला होता तोच परत समोर येतो. दोन पद्धती एकाच ठिकाणी भेटल्या. स्कॅटरिंगच्या माहितीवरून यू परत मिळवून देणारं गेलफँड-लेवितान-मार्चेंको समीकरण पूर्ण सोडवायचं काम फक्त रिफ्लेक्शन शून्य असतानाच सोपं असतं, बाकी वेळा लांबच्या काळातलं वर्तन काढायचं, त्यासाठी डाइफ्ट आणि झोऊ यांची १९९३ ची रीमान-हिल्बर्टवाली पद्धत आहे, ती नंतर, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी.

डार्बूबद्दल, म्हणजे जुन्या सोल्युशनमधून नवं काढायच्या पद्धतीबद्दल, एवढंच की गणितं करायला तो सगळ्यात स्वस्त पडतो. दोन सॉलिटॉनसाठी एफ म्हणजे कॉश (कॉस-एच) आणि सिंच (साइन-एच) यांचं रॉन्स्कियन, म्हणजे फंक्शन्स आणि त्यांचे डेरिव्हेटिव्ह मांडून काढलेला डिटर्मिनंट. टी = ० ला कॉश एक्स आणि सिंच २एक्स घ्या, रॉन्स्कियन काढा, दोन ओळींत २ कॉश³ एक्स येतं. त्याच्या लॉगचे दोन डेरिव्हेटिव्ह, दुप्पट, आला ६ सेक-एच-स्क्वेअर. बॅकलुंडची (तीही एका सोल्युशनवरून दुसरं काढायचीच पद्धत) खरी मजा साइन-गॉर्डन समीकरणात आहे, ते आलंच मुळी एकोणिसाव्या शतकातल्या वक्र पृष्ठभागांच्या भूमितीतून, आणि तिथे बियांकीच्या सूत्राने एकदा एकाच मूळ सोल्युशनपासून काढलेली दोन सोल्युशन्स हातात आली की पुढचं नुसत्या बीजगणिताने मिळतं, इंटिग्रेशन करावंच लागत नाही. पीरियॉडिक बाउंडरीचा प्रश्न असेल तर वेगळंच जग आहे, रीमान सर्फेस आणि थीटा फंक्शन्स, सध्या तिकडे जाऊ नका.

केडीव्ही झालं की नॉनलिनिअर श्रोडिंगर. झाखारोव आणि शाबात यांनी ते सोडवलं तेव्हाच लोकांना पटलं की इन्व्हर्स स्कॅटरिंग हा एकट्या केडीव्हीचा योगायोग नाही. फायबरमधल्या पल्स, समुद्रातल्या राक्षसी लाटा, दोन्हीकडे हेच समीकरण. त्याचं पेरेग्रिन सोल्युशन (१९८३) आजूबाजूच्या लाटेच्या तिप्पट उंच उठतं आणि विरून जातं, २०११ मध्ये पाण्याच्या टाकीत ते प्रत्यक्ष करून दाखवलंय. आणि आपल्याकडचं काम म्हणून लक्ष्मणन यांचा १९७७ चा निकाल जरूर समजून घ्या, मॅग्नेटमधल्या स्पिनची हायझेनबर्ग साखळी आणि नॉनलिनिअर श्रोडिंगर ही एकच गोष्ट आहे, फक्त वक्राची भूमिती मधे घालून बघायची. त्यांचा तिरुचिरापल्लीचा ग्रुप गेली कित्येक दशकं या विषयात आहे, तिथल्या स्कूल किंवा वर्कशॉपची संधी मिळाली तर सोडू नका.

आता थोडं रोजच्या कामाचं. साइन कन्व्हेन्शन. केडीव्ही कुणी +६ ने लिहितं, कुणी −६ ने, कुणी नुसतं यू यू_एक्स. मी विद्यार्थी असताना दोन ठिकाणांहून लाक्स पेअर आणि सॉलिटॉन घेतले, एकात +६ होता दुसऱ्यात −६, जवळजवळ आठवडा गेला आणि मला वाटत राहिलं की माझी थिअरी चुकतेय. वहीच्या पहिल्या पानावर समीकरण लिहा आणि बाहेरून घेतलेली प्रत्येक ओळ आधी त्यात बदलून घ्या. दुसरं, सोल्युशन मिळालं की सिम्प्लिफायवर विसंबू नका, एक्स आणि टी ला काहीतरी वेडेवाकडे आकडे देऊन ५० अंकांपर्यंत समीकरणात घालून बघा, खरं असेल तर ४०-४५ शून्यं येतात, खोटं असेल तर लगेच उघडं पडतं. न्यूमेरिकल पडताळा करणार असाल तर साधी एक्स्प्लिसिट फायनाइट डिफरन्स वापरू नका, तिसऱ्या डेरिव्हेटिव्हमुळे टाइम स्टेप डेल्टा-एक्सच्या क्यूबइतकी बारीक घ्यावी लागते आणि लॅपटॉप रात्रभर चालतो. फूरियर घेऊन लिनिअर भाग इंटिग्रेटिंग फॅक्टरने काढून टाका.

२७ सोल्युशन्सचा पेपर पाठवू का, हेही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे, पाठवू नका. कुद्र्याशोव्हने २००९ मध्ये अशा पेपरमधल्या सात नेहमीच्या चुकांवर आख्खा लेख लिहिलाय, तो वाचा आणि आपली यादी त्यातून गाळा, किती उरतात बघा. तुमच्या गाइडना हे सांगणं अवघड जाईल याची मला कल्पना आहे, पण पी-फंक्शनवालं एका पानाचं गणित घेऊन बसलात तर बोलणं सोपं होईल, त्यात वाद घालण्यासारखं काही नाहीये. त्याऐवजी एखादं असं समीकरण घ्या ज्याच्याबद्दल इंटिग्रेबल आहे की नाही हेच माहीत नाही, त्याची पेनलेव्हे टेस्ट करा, म्हणजे सोल्युशन जिथे अनंत होतं तिथे ते फक्त साध्या पोलसारखं वागतं का ते तपासा (केडीव्हीवर आधी सराव करा, रेझोनन्स −१, ४ आणि ६ यायला पाहिजेत), मग तीन सॉलिटॉनची अट तपासा. उत्तर ‘इंटिग्रेबल नाही’ असं आलं तरी तो निकाल असतो.

तिसऱ्या सॉलिटॉनसाठी सरावाचं गणित देऊन ठेवतो. सुरुवातीला १२ सेक-एच-स्क्वेअर एक्स, के = १, २, ३, उंची २, ८ आणि १८. प्रत्येक लाटेची टक्कर दोघींशी होते आणि सरक नुसती बेरजेने येते, तिघी एकदम भेटल्या म्हणून जादा काही होत नाही. सगळ्यात वेगवान लाट लॉग १० भागिले ३ म्हणजे ०.७६८ पुढे, मधली ०.२५५ मागे, सगळ्यात हळू लॉग ६ म्हणजे १.७९२ मागे. क्षेत्रफळं १२, ८ आणि ४ घेऊन गुणाकारांची बेरीज करा, शून्य यायला पाहिजे. नाही आली तर तुमचा एफ इथे टाइप करून टाका, आपण कुठली टर्म चुकलीय ते शोधू.